केरो, इलिनॉय: दोन नद्यांच्या टोकावरचं शहर

गुरुवार

अमेरिकेच्या नकाशावर ओहायो आणि मिसिसिपी जिथे मिळतात, तिथे इलिनॉय राज्य दक्षिणेकडे निमुळतं होत संपतं. त्या अगदी टोकावर केरो आहे. स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचंच, पण इथली माणसं केरो म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. १९२० च्या जनगणनेत इथे १५,२०३ माणसं राहत होती. २०२० मध्ये १,७३३. शंभर वर्षांत दहांतली जवळजवळ नऊ माणसं कमी झाली.

सेंट लुईसमधल्या आमच्या घरापासून हे शहर अडीच-तीन तासांवर आहे. तरी जाणं झालं ते माझे सासरे कराडहून आल्यावर. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवे, बांध, सांडवे, पुराच्या रात्री धरणावर जागणं, हेच त्यांचं आयुष्य. शिकागोच्या उंच इमारती त्यांनी भक्तिभावाने पाहिल्या, पण जीव रमला नाही. एका संध्याकाळी नकाशा पसरून त्यांनी या टोकावर बोट ठेवलं. "मीरा, हे दाखव मला. दोन्हीकडून एवढं पाणी आणि मध्ये वस्ती. ही माणसं राहतात तरी कशी?" माझ्या नवऱ्याला, निनादला, रजा नव्हती. मग मी आणि बाबाच निघालो.

आंतरराज्य ५५ वरून दक्षिणेला केप जिरार्डो गाठलं. मुक्काम तिथेच ठेवला, कारण केरोत राहण्याची सोय फारशी नाही. सामान टाकलं, पुलावरून मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये शिरलो आणि रस्ता क्रमांक ३ ने खाली वळलो. या भागाला 'लिटल इजिप्त' म्हणतात. वाटेत थीब्ज लागतं, पलीकडे कार्नाक आहे. इजिप्तमधली ही नावं इथे कशी पडली याच्या दोन-तीन कथा आहेत. इथल्या सपाट, गाळाच्या, दोन नद्यांमधल्या जमिनीत जुन्या व्यापाऱ्यांना नाईल दिसली, ही त्यातली मला पटणारी.

थीब्जला टेकाडावर दगडी कोर्टाची इमारत आहे, १८४० च्या दशकातली. तेव्हा अलेक्झांडर परगण्याचा कारभार इथून चाले, पुढे तो केरोला गेला. गावाला लागूनच मिसिसिपीवरचा रेल्वेपूल आहे, १९०५ सालचा. आम्ही उभे असताना लांबलचक मालगाडी गेली, डबे मोजता मोजता बाबांचा आकडा चुकला. हा पूल लक्षात ठेवायचा, कारण केरोच्या कहाणीत तो पुन्हा येतो. केरोला टाळून मिसिसिपी पार करण्याची सोय रेल्वेला इथे झाली.

येताना हॉर्सशू लेकवर थांबलो. मिसिसिपीने कधीकाळी सोडून दिलेल्या वळणात साठलेलं हे पाणी, त्यात बुंधे फुगलेले सायप्रस उभे. ऊन उतरलं तशी डासांनी आम्हाला गाडीत पिटाळलं.

शुक्रवार

उत्तरेकडून केरोत शिरताना आधी रेल्वेचा भराव लागतो आणि रस्ता त्याच्याखालून जातो. त्या बोगद्याच्या तोंडावर, वर, एक अवाढव्य पोलादी दार टांगलेलं आहे. साठ फूट रुंद, वजन सुमारे ८० टन. दोन्ही नद्या एकदम चढल्या की हे दार खाली सोडायचं आणि रस्ताच बंद करायचा. शहराच्या दोन बाजूंना नद्यांचे बांध आहेतच, तिसरी बाजू हा भराव आणि हे दार पुरी करतात. म्हणजे केरो चहूबाजूंनी बांधाच्या आत आहे.

बाबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरून ते दाराच्या खाचा बघत बसले. "गंजलंय, पण खाच साफ ठेवलीय बघ. म्हणजे कुणीतरी काळजी घेतंय." शहराबद्दल ते बोललेले हे पहिलं वाक्य, आणि पुढे जे जे पाहिलं त्यात मला ते आठवत राहिलं.

वॉशिंग्टन अव्हेन्यूने सरळ दक्षिणेला गेलं की शहर संपतं, रस्ता पुलांच्या खालून जातो आणि फोर्ट डिफायन्सचं उद्यान येतं. इलिनॉय राज्यातली ही सगळ्यांत सखल जागा, समुद्रसपाटीपासून २७९ फूट. पूर आला की उद्यान पाण्याखाली जातं. झाडांच्या बुंध्यांवर गाळाच्या रेषा माझ्या डोक्याच्याही वर होत्या. टोकाला नावाड्यांच्या स्मरणार्थ बांधलेला काँक्रीटचा मनोरा आहे. जिना चढून वर गेलं की डावीकडे ओहायो, उजवीकडे मिसिसिपी आणि समोर दोघींचं मिळून झालेलं अफाट पात्र.

डावीकडचं पाणी हिरवट, उजवीकडचं मातकट तपकिरी. मध्ये स्पष्ट रेघ. ती रेघ खाली नजर पोचेल तिथवर जात होती. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन धडकतात आणि तिथल्या तिथे एक होऊन काटकोनात वळतात. इथे तसं नाही. या दोघी एका पात्रात शिरूनही बराच वेळ आपापलं पाणी सांभाळून चालतात. बाबा कठड्याला रेलून कितीतरी वेळ पाहत होते. इथे ओहायो जे पाणी आणते ते वरून येणाऱ्या मिसिसिपीपेक्षा जास्त असतं, हे मी त्यांना सांगितलं. "मग पुढे नाव हिचं का नाही?" त्यांनी विचारलं. त्यांच्या खात्यात नदीचं मोठेपण घनफुटांत मोजतात.

खाली गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने बादलीतले कॅटफिश दाखवले. मिसिसिपीच्या बाजूला मासा लागत नाही, ओहायोच्या बाजूला लागतो, असं त्याचं मत. मग त्याने बोटीकडे बोट दाखवलं. एक जाडजूड टगबोट पुढे मालवाहू तराफ्यांचा पसारा ढकलत चालली होती, तीन-तीनच्या ओळी करून तारांनी बांधलेल्या. सेंट लुईसच्या खाली आखातापर्यंत मिसिसिपीवर एकही लॉक, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटी पुढे सोडणारा दरवाजांचा हौद, नाही, त्यामुळे इथून पुढे तराफ्यांचे फार मोठे ताफे नेता येतात. म्हणून केरोजवळ ताफे सोडतात, पुन्हा जुळवतात. मका, सोयाबीन, कोळसा, खत असला माल अखंड जात असतो. संगमावर आजही गर्दी आहे, पण ती पाण्यावरच राहते. शेकडो ट्रकांचा माल मूठभर खलाशी नेतात, आणि त्यांना केरोत उतरायची गरज पडत नाही. वाफेच्या बोटींच्या काळात प्रत्येक बोट इथे थांबायची. लाकूड, कोळसा, जेवण, हॉटेल, दारू, हमाल, सगळं केरोतून घ्यायची. त्या थांबण्यावर शहर उभं राहिलं होतं.

उभं राहायलाही त्याला बराच वेळ लागला. १८०३ च्या नोव्हेंबरात पश्चिमेच्या शोधमोहिमेवर निघालेले लुईस आणि क्लार्क इथे काही दिवस तळ ठोकून होते, अक्षांश-रेखांश मोजायचा सराव करत. १८१८ मध्ये व्यापाऱ्यांनी शहर आणि बँक काढण्याची सनद मिळवली, पण ते कागदावरच राहिलं. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रूक नावाच्या माणसाने कंपनी काढली, लंडनमध्ये कर्जरोखे विकून पैसा आणला, बांध घातले, कारखाने काढले. १८४० मध्ये लंडनची ती पेढी बुडाली आणि मजूर जे पांगले ते पांगलेच. १८५० च्या गणतीत इथे २४२ माणसं उरली होती. खरा जीव आला तो १८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे इथवर पोचली तेव्हा. १८५८ मध्ये बांध फुटून गाव बुडालं, तरी माणसं परतली. १८६० मध्ये ती २,१८८ झाली होती.

मग यादवी युद्ध, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत गुलामगिरीवरून पेटलेलं. उत्तरेच्या ताब्यातलं हे दक्षिणेत सर्वांत खोलवर घुसलेलं टोक. सप्टेंबर १८६१ मध्ये उत्तरेचा सेनानी आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट इथे आला तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. इथूनच त्याने पादुका हे शहर घेतलं, बेलमाँटची लढाई केली आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दक्षिणेचे किल्ले जिंकले. हजारो सैनिक चिखलात तळ देऊन होते, आणि गोळ्यांच्या आधी त्यांना ताप आणि हगवण मारत होती. त्या छावण्यांतून रोज फिरणारी एक बाई होती, मेरी सॅफर्ड. सैनिक तिला 'केरोची देवदूत' म्हणत. मेरी अ‍ॅन बिकरडाइकच्या बरोबरीने तिने इथे शुश्रूषा केली आणि युद्धानंतर शिकून स्वतः डॉक्टर झाली. ग्रँटचे पुतळे देशभर आहेत. मला विचाराल तर या टोकावर पहिला मान मेरीचा.

त्याच वेळी दक्षिणेतल्या मळ्यांवरून सुटलेली गुलाम माणसं नदीवाटे इथे येऊन पोचत होती. त्यांच्यासाठी केरोत छावणी उघडली गेली. काही पुढे उत्तरेला गेली, बरीच इथेच राहिली. बोटींवर हमाली केली, घरं बांधली, चर्च काढली. विसावं शतक उजाडलं तेव्हा केरोतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा समाज काळा होता. इलिनॉयमध्ये असं शहर क्वचितच होतं.

दुपारी मॅग्नोलिया मॅनर पाहिलं. चार्ल्स गॅलिगर हा पिठाचा व्यापारी. युद्धात सरकारला पीठ विकून मोठा झाला आणि १८७२ पर्यंत त्याने हा चौदा खोल्यांचा विटांचा वाडा पुरा केला. भिंती दुहेरी आहेत, मध्ये दहा इंचांची पोकळी, म्हणजे नदीकाठची ओल आत येत नाही. बाबांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली आणि खूश झाले. जगप्रवास करून परतलेला ग्रँट १८८० मध्ये इथे पाहुणा म्हणून राहिला होता.

तिथून कस्टम हाउस, म्हणजे जकातीची कचेरी. तेही १८७२ चं, आल्फ्रेड मलेटच्या आराखड्यावर बांधलेलं. सेंट लुईसचं जुनं पोस्ट ऑफिस त्याचंच, त्यामुळे दगडाची घडण मला ओळखीची वाटली. एवढ्या आडगावात केंद्र सरकारने अशी इमारत उभारली, कारण तेव्हा हे आडगाव नव्हतंच. पुढचं शिकागो इथे होणार असं शहाणीसुरती माणसं पैजेवर सांगत होती. आत ग्रँटचं म्हणून जपलेलं टेबल आहे. शेवटी सॅफर्ड ग्रंथालय, १८८४ सालचं. मेरीचा बँकवाला भाऊ आल्फ्रेड याच्या आठवणीत त्याच्या पत्नीने, अ‍ॅना सॅफर्डने शहराला दिलेलं. लाल विटा, कोनाड्यांत दोन देवतांचे पुतळे, रंगीत काचा. हे ग्रंथालय मला केरोतलं सगळ्यांत सुंदर ठिकाण वाटलं. सावकाराच्या पैशातून लोकांसाठी काही उभं राहिलं की ते किती काळ पुरतं, ते इथे दिसतं.

रात्री हॉटेलवर बाबांनी आपली खिशातली डायरी काढली आणि जनगणनेचे आकडे पेन्सिलने एकाखाली एक लिहून काढले. १८७०: ६,२६७. १८९०: १०,३२४. १९२०: १५,२०३. १९५०: १२,१२३. १९७०: ६,२७७. २०००: ३,६३२. २०१०: २,८३१. २०२०: १,७३३. मग १८७० आणि १९७० या दोन आकड्यांभोवती त्यांनी गोल केला. शंभर वर्षांत दहा माणसांचा फरक. चढायला पन्नास वर्षं आणि उतरायलाही पन्नासच. आता संख्या युद्धाच्या आधीपेक्षाही खाली गेली आहे.

"पुराने गेले का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाबा, ते उद्या बघू. तुम्हीच सांगा मग."

शनिवार

कमर्शियल अव्हेन्यू ओहायोच्या बांधाला समांतर जाते. ही केरोची बाजारपेठ होती. आज इथे मोकळ्या जागाच जास्त आहेत. मध्येच एखादी तीन मजली विटांची इमारत, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, शेजारच्या पाडलेल्या इमारतीच्या जिन्याची खूण तिच्या भिंतीवर उरलेली. फुटपाथच्या फटींतून गवत. एका दाराच्या उंबऱ्यावर निळ्या-पांढऱ्या छोट्या फरशांत दुकानदाराचं आडनाव जडवलेलं आहे, त्यातल्या दोन-तीन फरशा गेल्या आहेत. आत छप्पर नाही, झाड उगवलं आहे. बाबा वाकून ती फरशी हाताने पुसत होते. "केवढ्या भरवशाने लावलीय," एवढंच म्हणाले.

रेल्वेने केरो घडवलं आणि रेल्वेनेच सैल केलं. आधी गाड्या इथे येऊन थांबत आणि डबे बोटींवर चढवून पलीकडे नेत. त्यावर कितीतरी हात जगत. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला, दोन्हीकडच्या चढावांसकट सहा किलोमीटरचा, त्या काळातलं मोठं नवल. गाड्या न थांबता पुढे जाऊ लागल्या. १९०५ मध्ये थीब्जचा पूल झाला. मग मोटारींचे पूल आले आणि फेरी बोटी संपल्या. १९७८ मध्ये आंतरराज्य ५७ चा पूल शहराच्या वायव्येला झाला आणि वाहतूक शहरात न शिरता निघून जाऊ लागली.

पण पूल तर पुष्कळ शहरांना आले. त्यातली सगळी अशी रिकामी झाली नाहीत. केरोत आणखी काय घडलं हे समजायला आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहावं लागतं.

११ नोव्हेंबर १९०९ च्या रात्री इथे दिव्यांची एक कमान होती. विल्यम जेम्स या काळ्या माणसावर एका गोऱ्या तरुणीच्या खुनाचा आरोप होता. खटला झालाच नाही. हजारोंच्या जमावाने त्याला शेरीफच्या, म्हणजे परगण्याच्या पोलीस प्रमुखाच्या, हातून ओढून आणलं, त्या कमानीखाली फास दिला, दोर तुटला तेव्हा गोळ्यांनी चाळण केली आणि मग त्याच्या देहाची जी विटंबना केली ती इथे लिहिण्यासारखी नाही. त्याच रात्री जमावाने तुरुंगातून हेन्री साल्झनर या गोऱ्या कैद्यालाही काढून मारलं. बायका-मुलं बघायला आली होती. या प्रसंगाची छायाचित्रं पोस्टकार्डांवर छापून विकली गेली.

इलिनॉयमध्ये १९०५ पासून कायदा होता की कैदी जमावाच्या हाती पडला तर शेरीफची नोकरी जाते. गव्हर्नर डेनीनने शेरीफ फ्रँक डेव्हिसला काढलं. डेव्हिसने परत नेमणुकीसाठी अर्ज केला आणि गावातले मोठमोठे लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा शिकागोहून आयडा बी. वेल्स केरोला आल्या. त्या स्वतः गुलामगिरीत जन्मलेल्या. पत्रकार म्हणून झुंडबळींविरुद्ध लिहीत त्यांची हयात गेली. घाबरलेल्या काळ्या वस्तीत त्या घरोघर फिरल्या, माहिती गोळा केली, सभा घेतली आणि राज्याच्या राजधानीत, वकिलांच्या फौजेसमोर एकट्या बाजू मांडायला उभ्या राहिल्या. डेव्हिसला नोकरी परत मिळाली नाही. हे मी बाबांना त्या कोपऱ्यावर उभी राहून सांगितलं, तेव्हा माझा आवाज स्थिर नव्हता. बाबांनी टोपी काढली.

इथून पुढची गोष्ट त्याच रेषेवर चालते. १९६२ मध्ये काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांनी केरोच्या पोहण्याच्या तलावासमोर आंदोलन केलं. तलाव खासगी क्लबचा असल्याचं सांगून काळ्या मुलांना आत घेत नसत. गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या त्या मुलांत जॉन लुईस होता, पुढे जो खासदार झाला. त्या क्षणाचं छायाचित्र चळवळीचं भित्तिपत्रक बनून देशभर गेलं. अखेर तलाव सर्वांसाठी उघडा ठेवण्याऐवजी बंदच करण्यात आला. बाहेर पस्तीस-चाळीस अंश तापमान, दोन्हीकडे वाहत्या धोकादायक नद्या, आणि मुलांना पोहायला तलाव नाही. काळ्या नाही आणि गोऱ्याही नाही.

जुलै १९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा रजेवर घरी आलेला एकोणीस वर्षांचा काळा सैनिक पोलीस ठाण्यात लटकलेला आढळला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, काळ्या वस्तीने ते मानलं नाही. आगी लागल्या, नॅशनल गार्ड हे राज्याचं लष्करी दल आलं. त्यानंतर शेकडो गोऱ्यांनी हत्यारबंद दल उभं केलं, पांढऱ्या टोप्या घालून फिरणारं. १९६९ मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या नेतृत्वाखाली 'युनायटेड फ्रंट' झाली, सेंट कोलंबा चर्चच्या जुन्या इमारतीत तिचं ठाणं. मागणी साधी होती: ज्या दुकानांत आम्ही पैसे खर्च करतो तिथे आम्हाला नोकऱ्या द्या. बहिष्कार सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. रात्री पिरॅमिड कोर्ट्स या काळ्या वस्तीवर गोळ्या सुटत, माणसं मुलांना जमिनीवर झोपवत. पुष्कळ दुकानदारांनी काळ्या माणसाला गल्ल्यावर बसवण्यापेक्षा दुकान बंद करणं पसंत केलं.

ती फरशी जडवलेला उंबरा आणि हा इतिहास एकाच रस्त्यावर आहेत. केरोला पुलांनी अशक्त केलं हे खरं. पण शेजाऱ्याला नोकरी द्यायची नाही, त्याच्या मुलाबरोबर आपल्या मुलाला पोहू द्यायचं नाही, या हट्टापायी शहराने आपल्याच हाताने आपली बाजारपेठ मोडली. उजाड इमारतींचे फोटो काढून 'भुताटकीचं शहर' म्हणून दाखवणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळे. इथे माणसं राहतात, आणि जी राहिली त्यांत सर्वांत जास्त ती आहेत ज्यांना हाकलण्याचा प्रयत्न झाला. आज शहरात दोन तृतीयांशांहून जास्त वस्ती काळ्या लोकांची आहे.

दुपारी एल्मवुड आणि मॅकब्राइड या सरकारी वसाहती जिथे होत्या ती जागा पाहिली. गवताचं मैदान. वर्षानुवर्षांच्या गैरकारभाराने घरांची दुर्दशा झाली होती, उंदीर, बुरशी, बंद पडलेली उष्णतायंत्रणा. २०१६ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने परगण्याचं गृहमंडळ ताब्यात घेतलं, आणि २०१७ मध्ये दुरुस्ती परवडत नाही म्हणून घरं रिकामी करायला सांगितलं. सुमारे चारशे माणसं, त्यांत निम्मी मुलं. केरोत भाड्याने घरं नव्हती, म्हणजे गावच सोडायचं. २०१० आणि २०२० च्या आकड्यांमध्ये ११०० माणसांचा जो खड्डा आहे, त्यात ही मुलं आहेत. शाळेचे वर्गच्या वर्ग त्या वर्षी ओस पडले.

२०१५ नंतर गावात किराणा दुकानही उरलं नव्हतं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी भाजी आणायची कुठून? २०२३ मध्ये गावकऱ्यांनी सभासद होऊन, सहकारी तत्त्वावर दुकान काढलं. हे ऐकून बाबांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

रविवार

सकाळी माउंड सिटी, केरोच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर. युद्धात जेम्स ईड्सच्या चिलखती बोटींपैकी तीन इथे बांधल्या गेल्या. त्यांतल्या एकीचं नाव 'केरो' होतं. डिसेंबर १८६२ मध्ये याझू नदीत सुरुंगाने ती बुडाली, आणि शंभर वर्षांनी वर काढून आता व्हिक्सबर्गला ठेवली आहे. इथलं राष्ट्रीय स्मशान १८६४ चं. ओळीने पांढरे दगड, कित्येकांवर फक्त क्रमांक.

मग मिसिसिपीच्या पुलावरून मिसूरीत उतरलो. इथून बर्ड्स पॉइंटचा बांध लागतो आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. १९२७ च्या महापुरानंतर केंद्र सरकारने ठरवलं की केरोवर पाणी फार चढलं तर या बाजूचा बांध मुद्दाम फोडायचा आणि पाणी मिसूरीच्या शेतांतून सोडायचं. १९३७ मध्ये एकदा फोडला. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी पुन्हा चढलं. शहर रिकामं करायला लावलं. बांधाच्या आतल्या बाजूला जमिनीतून पाणी वाळू घेऊन उसळू लागलं. हे चिन्ह बाबांना नीट माहीत आहे: पाणी भरावाखालची माती पोखरतंय, उसळीभोवती वाळूच्या पोत्यांची गोल भिंत घालून दाब सांभाळायचा, दुसरा इलाज नाही. मिसूरीने कोर्टात धाव घेतली, सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. २ मे रोजी केरोला पाणी ६१.७२ फुटांवर गेलं, आजवरची सर्वांत वरची पातळी. त्या रात्री जनरल मायकेल वॉल्श यांच्या हुकमाने लष्कराच्या अभियंत्यांनी सुरुंग उडवले. सुमारे १,३०,००० एकर शेतं पाण्याखाली गेली आणि केरोचं पाणी उतरू लागलं.

"म्हणजे बांध टिकला," बाबा म्हणाले. "सदतीसला टिकला, अकरालाही टिकला. गाव पुराने गेलेलं नाही." त्यांनी डायरी काढून आकड्यांच्या शेजारी ही दोन्ही सालं लिहिली.

पण त्या शेतांत पिनहुक नावाचं गाव होतं. दुसरीकडे जमीन विकत मिळत नव्हती म्हणून १९४० च्या दशकात काळ्या शेतकऱ्यांनी इथे सखल भागात घेतली आणि गाव वसवलं. केरो वाचवण्यासाठी सोडलेल्या पाण्यात ते पुरतं मोडलं. त्या वेळी कुणी कुणी उघड म्हणत होतं की केरोसारख्या मोडक्या गावासाठी चांगली शेतं कशाला बुडवायची. पिनहुकसाठी तेवढंही कुणी बोललं नाही. बाबांनी धरणाचे दरवाजे उघडायच्या रात्री काढल्या आहेत, खालच्या गावांना निरोप पोचला का, या काळजीत. ते बराच वेळ बांधावर येरझारा घालत होते. "पाणी कुठेतरी सोडावंच लागतं," ते म्हणाले, "पण ज्याच्या घरात सोडलं त्याला नवं घर आधी बांधून द्यायचं. हे सगळीकडे राहून जातं."

जेवायला केपला परत आलो आणि मग सामान घ्यायला हॉटेलवर. काउंटरवरच्या बाईंनी कुठे फिरलात म्हणून विचारलं. केरो म्हटल्यावर त्या थांबल्या. त्या एल्मवुडच्या होत्या. २०१७ मध्ये घर सोडण्याचं पत्र आलं, दोन मुलांना घेऊन इथे आल्या. मुलांना नवी शाळा जड गेली, आता रुळली आहेत. बाबांनी मला विचारायला सांगितलं: २०२० च्या गणतीत त्या कुठे होत्या? इथेच, केपमध्ये, त्या म्हणाल्या. आई मात्र केरोत, स्वतःच्या घरात, चौदाव्या रस्त्याच्या आसपास. आईचा फॉर्म त्यांनीच फोनवर भरून घेतला, कारण तिचं म्हणणं होतं, मोजायला दारात कुणी येवो न येवो, माझा आकडा केरोतच लागला पाहिजे.

बाबांनी १,७३३ च्या खाली पेन्सिलने एक रेघ ओढली आणि त्या बाईंना डायरीचं पान दाखवलं.